बिनवासाचा गॅस

साटमकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका सायकलशी बोलत होते.

रॉटरडॅमजवळच्या कापेलला आमच्या बिल्डिंगखाली सायकली लावायची जागा आहे. मी पुण्याहून नुकतीच आले होते आणि सायकल नावाची गोष्ट शाळेनंतर पहिल्यांदाच हातात धरत होते. साठीच्या आसपासचा, बुटका, ताठ पाठीचा एक माणूस आपल्या सायकलच्या कुलपासमोर उभा राहिला. त्यानं उजवा हात खांद्यातून सरळ पुढे काढला, तर्जनी कुलपावर रोखली आणि शेजारच्या डच बाईचं कुत्रं दचकेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "कुलूप बंद. योशी!" मग दिव्याकडे बोट. "दिवा बंद. योशी!" मग स्वतःच्या खिशाकडे. "किल्ली खिशात. योशी!" परक्या देशात मराठी शब्द कानावर पडले म्हणून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी गपचूप खांबाआड झाले. वेडा माणूस मराठी असला तरी वेडाच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये तोच माणूस. माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचून म्हणाला, "जोगळेकर? मग काल खांबामागे कशाला लपलीस गो?" मला तोंड कुठे लपवू असं झालं. ते मात्र हसले नाहीत. लिफ्टचं दार लागलं तसं त्याच्याकडे बोट दाखवून "दार बंद. योशी!" म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला काही कळेना. शेवटी म्हणाले, "तू पण म्हण. दोघांनी बघितलं तर बघितलं म्हणायचं." नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, लिफ्टमध्ये, दोन उंच डच माणसांच्या मधोमध उभी राहून मी बोट दाखवलं आणि "दार बंद, योशी" म्हणाले. आमची ओळख झाली ती अशी.

मनोहर साटम मूळचे देवगडकडचे. मरीन इंजिनिअर. तरुणपणी कंपनीनं त्यांना जपानमधल्या एका मोठ्या गोदीत पाठवलं होतं. तिथं गॅस वाहून नेणारी जहाजं बांधली जात आणि मालकाच्या वतीनं त्या बांधकामावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणं हे त्यांचं काम. गेले होते थोड्या दिवसांसाठी, राहिले बरीच वर्षं. तिथून लग्न, मग हा देश. याहून जास्त चरित्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि नंदाकाकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मला विचारू नकोस बाई, मी लग्न एका माणसाशी केलं आणि नांदले एका गोदीशी."

बोट दाखवून मोठ्यानं बोलायची सवय त्या गोदीतली. तिथला प्रत्येक कामगार झडप फिरवली, शिडी चढला, दिवा मालवला की त्या वस्तूकडे बोट दाखवून काय केलं ते ओरडून सांगतो आणि शेवटी 'योशी' म्हणतो, म्हणजे 'ठीक'. नुसत्या डोळ्यानं बघितलेलं मन विसरतं. हात उचलला, तोंडानं बोललं, स्वतःच्या कानानं ऐकलं की लक्ष पळून जात नाही, असा त्यामागचा हिशेब. आणि जिथं धोका मोठा तिथं माणसं दोन. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं स्वतः बघून तेच पुन्हा म्हणायचं. ऑफिसातली पोरं याची टिंगल करत. कॉफीच्या मशीनकडे बोट दाखवून "कॉफी, योशी!" म्हणत खिदळत. साटमकाकांना त्याचं काही नव्हतं. उलट ते थांबून कपात डोकावून बघत आणि म्हणत, "अर्धाच भरलाय. न बघता म्हणालास."

आता आमच्या ऑफिसचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नैसर्गिक गॅस समुद्रापार न्यायचा तर तो गोठवून गोठवून पातळ करतात, पाण्यासारखा. उणे एकशेसाठ अंशांच्या आसपास. मग जहाजाच्या पोटातल्या अवाढव्य गोल टाक्यांतून तो आणतात. रशियाचा गॅस बंद झाल्यापासून युरोपच्या घराघरातली हिवाळ्याची ऊब अशी जहाजातून येते. आमची कंपनी दुसऱ्यांच्या मालकीची अशी जहाजं सांभाळते. त्या टाक्यांच्या भिंतींवर बसवलेल्या यंत्रांनी सांगितलेलं तापमान पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल ठिपक्यांत दाखवणं हे माझं काम. आणि जहाज म्हातारं झालं, कुठं शंका आली, की तिथं जाऊन ते अजून चालवायचं की नाही हे सांगणं साटमकाकांचं. कागदोपत्री बाकीचे पुष्कळ लोक होते. पण आमच्या वरचा साहेब वाउटर शेवटी, नावाला आदराचं जपानी 'सान' जोडून, एकच गोष्ट विचारायचा, "साटम-साननं योशी म्हटलं का?" म्हटलं असेल तर जहाज निघायचं.

माझ्या हिरव्या ठिपक्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. मी मोठ्या अभिमानानं पडदा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे हिरवं म्हणजे काय?"

"म्हणजे सगळं ठीक आहे, काका."

"कोणी बघितलं?"

"सेन्सरनं."

"सेन्सर काय म्हणतो? त्याच्या जागी ठीक आहे म्हणतो. त्याच्यापासून हातभर बाजूला काय चाललंय ते त्याला काय म्हायत? तिथं कोणी बघितलं?"

मला राग आला होता. दोन महिने घासून केलेलं काम होतं. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्यानं राग गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. म्हणाले, "तुझ्या चुलीतल्या गॅसला वास येतो ना? तो गॅसचा नव्हे. गळलं तर कळावं म्हणून वास मागाहून घालतात, जमिनीवर आल्यावर. जहाजावरच्या गॅसला वास नसतो गो. तो तुझ्या बाजूला येऊन उभा राहिला तरी तुला कळायचं नाय." एवढं बोलून ते जेवायला गेले. मी मात्र त्या दिवशी खिडकीपाशी बसून पोळी-भाजी खाताना उगाचच दोनदा मागे वळून पाहिलं.

त्यांच्या घरी देवघरात, गणपती आणि रामेश्वराच्या तसबिरीच्या मध्ये, एक काळपट पोलादाचा तुकडा होता. काकू रोज त्यालाही फूल वाहत. मी एकदा विचारलं तेव्हा काकांनी त्याची हकीकत सांगितली. गोदीत पहिल्याच आठवड्यात ओकाबे नावाच्या म्हाताऱ्या मुकादमानं सगळ्या नव्या लोकांना एका शेडमध्ये उभं केलं. साध्या पोलादाची, जहाजाच्या अंगाला वापरतात तसली जाड पट्टी आणली. प्रत्येकाला ती वाकवायला सांगितली. कुणाला वाकेना. मग ओकाबेनं ती वाफाळणाऱ्या, गोठवलेल्या द्रवात बुडवून ठेवली, चिमट्यानं बाहेर काढली आणि हातोडीचा एक साधा टोला दिला. पट्टीचे तुकडे झाले. आवाजसुद्धा पोलादाचा आला नाही, काचेचा आला. ओकाबेनं प्रत्येकाच्या हातात एक एक तुकडा दिला आणि शेडच्या बाहेर बांधून होत आलेल्या जहाजाकडे बोट दाखवलं.

"टाकी वेगळ्या धातूची असते, तिला थंडी सोसते," काका म्हणाले. "पण टाकीच्या बाहेर सगळं साधं पोलाद. मधला थंडी अडवणारा थर कुठं फाटला, गॅस बाहेर झिरपला, तर आधी त्या पोलादावर दव येतं. मग पांढरं येतं. बारीक, साखर सांडल्यासारखं. ते दिसलं तर माणसं वाचली. नाय दिसलं तर..." काकूंनी विषय बदलला.

त्या वर्षी गणपतीला त्यांच्याकडे आम्ही आठ-दहा जण होतो, हार्लेमहून आणि डेल्फ्टहून आलेली मंडळी धरून. दुपारची आरती व्हायची होती. मी स्वयंपाकघरात काकूंना मोदक वळून देत होते आणि शेगडीवर एका बाजूला रिकामं पातेलं तापत होतं. काका पाणी प्यायला आत आले. जाता जाता त्यांनी नेहमीसारखा हात सरळ केला, शेगडीकडे बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गॅस बंद. योशी!"

बर्नर पेटलेला होता. निळी ज्योत चांगली बोटभर उंच होती. त्यांचं बोट बरोबर तिच्यावर होतं, डोळेही तिच्यावर होते.

ते बाहेर गेले आणि टाळ्यांचा आवाज सुरू झाला. काकूंनी पुढे होऊन बटण फिरवलं. त्यांच्या हाताला घाई नव्हती. हे त्या पहिल्यांदा करत नव्हत्या हे मला त्या हातावरूनच कळलं आणि माझ्या हातातला मोदक फुटला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्याच्याही आधीपासून," काकू म्हणाल्या. "एकदा दार सताड उघडं टाकून 'दार बंद' म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतात. यांनी जन्मात चेष्टा केलेली नाही गं."

"काकू, ते जहाजं बघतात."

"मला माहीत आहे ते काय बघतात."

मी तिथंच स्पष्ट सांगितलं की हे ऑफिसात सांगावं लागेल. काकू रडल्या नाहीत की विनवण्या केल्या नाहीत. म्हणाल्या, आधी डॉक्टरला दाखवू, त्याच्या तोंडून येऊ दे. मला ते पटलं. तर इथल्या हाउसआर्ट्सची, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरची, तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पाय तुटून हातात घेऊन गेलात तरी पॅरासिटामोल घ्या आणि दोन आठवड्यांनी फोन करा. पण हा डॉक्टर बरा निघाला. त्यानं स्मरणशक्तीची रीतसर परीक्षा घेतली. काही शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा, उलटे आकडे म्हणा. काकांनी प्रत्येक शब्दाला बोट उचललं, मोठ्यानं म्हटला, योशी म्हटलं आणि शेवटी सगळे शब्द क्रमानं बिनचूक सांगितले. घड्याळही काढलं, आणि वर त्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय हेही त्याला दाखवून दिलं. डॉक्टर खूष झाला. म्हणाला, या वयात इतकी तल्लख स्मरणशक्ती मी पाहिली नाही, थकवा असेल, विश्रांती घ्या.

काकू घरी येऊन मला म्हणाल्या, "बघ, पास झाले." त्या पास होण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी नापास होण्याची वाटली नसती. तरीही मी वाउटरच्या केबिनमध्ये गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. डच माणूस तोंडावर बोलतो, तसा तोही बोलला. "डॉक्टरचं म्हणणं तुझ्यापेक्षा जास्त वजनाचं आहे, नाही का? माझी आजीसुद्धा शेगडी विसरते." मग जरा नरमून म्हणाला की थोरलीचं काम झालं की साटम-सान तसेही निवृत्त होणार आहेत.

थोरली म्हणजे एक जहाज. मालक बदलले तशी त्याची नावं बदलली होती, पण काकांनी उमेदीच्या काळात जपानात डोळ्यांदेखत बांधून घेतलेलं ते पहिलं जहाज, म्हणून घरी-दारी ते त्याला थोरलीच म्हणत. आता ते आपल्या जातीच्या इतर जहाजांसारखं जुनं झालं होतं. वाफेवर चालणारं, खर्चिक. मालकाला अजून एक हिवाळा ते चालवायचं होतं. त्यातच त्याच्या सेकंड इंजिनिअरनं कळवलं होतं की टाकीच्या बाजूच्या बोळात भिंतीवर त्याला एकदा पांढरं दिसल्यासारखं वाटलं. माझ्या पडद्यावर तर सगळं हिरवं होतं. जहाज भरलेल्या टाक्या घेऊन रॉटरडॅमकडे येत होतं आणि साटमकाकांनी जाऊन बघायचं होतं.

"मी त्यांच्याबरोबर जाणार," मी वाउटरला सांगितलं. "सेन्सर कुठे बसवलेत ते मला बघायचंय." सेन्सरचं कारण खोटं नव्हतं. सुरक्षेचं शिक्षण मी घेतलेलं होतं. त्याला नाही म्हणता येईना. काका मात्र हरखले. म्हणाले, "बरं झालं. गोदीत कायम दोन माणसं असायची. हल्ली एकट्यालाच पाठवतात. दोघांची तिकिटं काढायला यांना परवडत नाय." ते असं सहज बोलून गेले आणि मला तेव्हा त्यातलं काहीच टोचलं नाही.

रॉटरडॅम बंदराच्या समुद्राकडच्या टोकाला, मासव्लाक्टवर, वारा असा होता की बोलता येत नव्हतं. धक्क्याला ते जहाज लागलेलं होतं. डेकवर ओळीनं टाक्यांचे चार प्रचंड पांढरे घुमट आणि सगळं कसं शांत. एवढं मोठं काही इतकं शांत असलेलं मला आवडत नाही. सेकंड इंजिनिअर फिलिपिनो होता, तीन मुलींचा बाप. हेल्मेटच्या आत त्यानं त्यांचा फोटो चिकटवला होता. त्यानं आम्हाला खाली नेलं, बोळाचं तोंड दाखवलं आणि नियमाप्रमाणे रेडिओ घेऊन तिथंच थांबला. "सर, तुम्ही सांगाल ते," तो काकांना म्हणाला. त्याच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. शंका त्यानं पुढे दिली होती आणि आता ती त्याच्या डोक्यावर नव्हती.

बोळ अरुंद, दोन्हीकडे फिकट रंगाचं पोलाद. गॅस मोजायचं यंत्र माझ्या खांद्यावर टिकटिकत होतं. काका पुढे. प्रत्येक शिडीकडे, प्रत्येक झडपेकडे बोट दाखवत, मोठ्यानं म्हणत चालले होते आणि मी मागून तेच म्हणत होते. इथं त्यांची चाल बदलली होती. घरी थोडे घुटमळत, इथं पाय आपोआप पडत होते. कुठली पायरी उंच आहे, कुठं डोकं वाकवायचं, सगळं अंगात होतं. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. हा माणूस इथं चुकणं शक्य नाही.

तिसऱ्या टाकीपाशी ते थांबले. भिंतीवर टॉर्च मारला. टॉर्च सरळ धरला होता. फिकट भिंतीवर उजेडाचा गोल पडला. हात खांद्यातून सरळ झाला.

"पांढरं नाय. भिंत कोरडी. योशी!"

बोळात तो आवाज लांबपर्यंत गेला. मी टॉर्च उचलला. पांढरं बघायचं तर उजेड तिरका पाडायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, त्यांच्या घरच्या फ्रीजमध्ये. मी तिरका पाडला. त्यांच्या बोटाच्या सरळ समोर, ताटाएवढ्या जागेत भिंत चमकली. बारीक कण. खाली दवाचे ओघळ आणि ओघळांच्या टोकाशीही तेच.

"म्हण," काका म्हणाले. ते माझ्याकडे वळले नव्हते. बोट तसंच होतं.

मी टॉर्च तसाच तिरका धरून ठेवला.

"म्हण गो. दुसऱ्यानं म्हणायचं असतं."

"काका," मी म्हणाले, "तिथं पांढरं आहे."

त्यांनी माझ्या टॉर्चच्या उजेडात पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. खांद्यावरचं यंत्र टिकटिकत राहिलं. मग त्यांनी हातमोजा काढला, उघडा तळवा भिंतीच्या अगदी जवळ नेला आणि न टेकवता तसाच धरला. थंडी त्यांच्या हाताला लागत असणार. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि तो मला कधीच विसरता येणार नाही. त्यात जहाजाबद्दल काहीच नव्हतं. जहाजाचं त्यांना एका क्षणात कळलं होतं. ते वेगळंच काहीतरी मोजत होते.

जपानी माणूस 'मी' म्हणताना स्वतःच्या नाकावर बोट ठेवतो. तसं त्यांनी ठेवलं.

"साटम," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. पुढचा शब्द आला नाही. बोट नाकावरून हळूहळू खाली आलं. मग ते बोळाच्या तोंडाकडे वळले आणि तिथल्या माणसाला शुद्ध, कडक इंग्रजीत सांगितलं, हे जहाज कुठेही जाणार नाही, आत्ता लगेच कॅप्टनला बोलाव.

थोरली पुन्हा गेली नाही. टाक्या जपून रिकाम्या केल्या. मधला थर फाटला होता. मोठ्या लाटांत आणखी एक हिवाळा तिनं काढला नसता असं पुढे तज्ज्ञ म्हणाले. ऑफिसात काकांचा सत्कार करायचं घाटत होतं. केकसुद्धा आणला होता. काका केबिनमध्ये गेले, वाउटरच्या समोर बसले आणि म्हणाले, "मी या वर्षात आणखी चार जहाजं पास केली. एकट्यानं. ती सगळी परत बघा."

वाउटरनं समजूत घातली. सगळे ठिपके हिरवे आहेत, कागद पुरे आहेत. काकांनी त्याला शेगडीचं सांगितलं. स्वतःच्या तोंडानं, काहीही न लपवता. वाउटरनं समोरचे कागद मिटले. माणूस वाईट नव्हता तो. तीन जहाजं पुढच्या फेरीला धक्क्याला आली तशी पुन्हा तपासली. तिन्ही धडधाकट निघाली. प्रत्येक वेळी मी काकूंना फोन केला आणि प्रत्येक वेळी त्या पलीकडे नुसता श्वास सोडायच्या.

चौथं मात्र मालकानं विकून टाकलं होतं. ते आमच्या हातात राहिलं नव्हतं. नव्या मालकाचं ऑफिस म्हणजे कुठल्याशा बेटावरची नुसती पत्रपेटी. आम्ही पत्रं पाठवली, बंदरांना कळवलं. जहाजाचं नाव बदललं, झेंडा बदलला. मग एक दिवस त्यानं आपली जागा सांगणारं यंत्रच बंद केलं. असं हल्ली पुष्कळ जहाजं करतात, ज्यांना आपला गॅस कुठून आला ते सांगायचं नसतं. नकाशावरून ते पुसलं गेलं. भरलेल्या टाक्या आणि आतली माणसं घेऊन ते कुठेतरी चाललंय, साटमकाकांच्या योशीवर.

"मी तिथं बघितलं होतं का नुसतंच म्हटलं होतं?" काका मला विचारायचे. दारात, जिन्यात, सुपरमार्केटच्या रांगेत. "बोळ आठवतो. बोट आठवतं. आवाज आठवतो. भिंत आठवत नाय." हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर जीव घेतल्यासारखं. मी एकदा म्हणाले, "काका, तुमची तिन्ही बरोबर निघाली, हेही निघेल." ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला माझीच लाज वाटली.

पुढे आजार भराभर वाढला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनंही कबूल केलं. आधी दिवस गेले, मग रस्ते, मग माणसं. एकदा काकूंनाही ते गोदीतली कारकून समजून बोलले. त्या मला सांगताना हसल्या आणि मग ओट्याला धरून उभ्या राहिल्या. सगळं एकेक करून जात होतं. ते जहाज तेवढं जात नव्हतं. त्याचं नाव विसरले, आकार विसरले, पण ते यायचं आहे हे विसरले नाहीत. काकू त्यांना मेट्रोनं हूक ऑफ हॉलंडला न्यायला लागल्या. तिथं समुद्राच्या तोंडाशी बाक आहेत. रॉटरडॅमला येणारं प्रत्येक जहाज समोरून जातं. तिथं बसले की ते शांत असतात, म्हणाल्या. शांत हा शब्द त्यांनी कसा वापरला ते मला तिथं गेल्यावर कळलं.

मी गेले तो फेब्रुवारीतला रविवार होता. दुपार असून उजेड मळकट होता, आणि समुद्र आणि आभाळ यांच्यात काही फरक दिसत नव्हता. काकू कॉफी आणायला टपरीकडे गेल्या होत्या. काका बाकावर ताठ बसले होते, टोपी कानापर्यंत ओढलेली, दोन्ही हात मांड्यांवर. एक कंटेनरचं जहाज आत येत होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नजर त्याच्या मागे, जिथं काहीच नव्हतं तिथं होती.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं टोपीला हात लावला, अनोळखी बाईला लावावा तसा. ते मला विसरलेत हे काकूंनी फोनवर सांगितलं होतं.

"तुमचं कोण आहे का त्या जहाजावर?" त्यांनी विचारलं.

कुठल्या, असं मी विचारलं नाही.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मला दिसली तशी दया मी आजवर कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. मग ते बाकावर थोडे बाजूला सरकले आणि जागा केली.

"मग बसा," म्हणाले. "अजून आलं नाय."